वारंवार विचारले जाणारे प्रश्न: मी कथा कशी लिहिते आणि कशासाठी

दिवाळी अंक घरोघरी पोचले की पत्रं आणि मेसेज सुरू होतात. वाचनालयांच्या कार्यक्रमांत चिठ्ठ्या येतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाची सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. प्रश्न होता होईतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. ‘पेनने लिहिता की लॅपटॉपवर’, ‘पहाटे लिहिता का’ हे मात्र गाळले, कारण त्यांच्या उत्तराचा कोणाला काही उपयोग नाही.

१. मॅडम, तुम्ही कशा प्रकारचं लिहिता? सुरुवात कुठून करू?

मी कथा लिहिते, अधूनमधून कादंबरी. माणसं बहुतेक तालुक्याच्या गावातली: पतसंस्थेचा वसुली अधिकारी, एसटीचा कंडक्टर, घरी ब्लाउज शिवणारी बाई, ऊसतोड टोळीचा मुकादम, विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका. माझी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली, त्याचा हा परिणाम. कथांपासून सुरुवात करा. दोन कथांत करमलं नाही तर कादंबरीच्या वाटेला जाऊ नका.

२. कथा सुचते कुठून?

कर्जाच्या अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. लोक तिथे ‘घरदुरुस्ती’ लिहितात आणि पैसे लग्नाला जातात. ‘शेळीपालन’ लिहितात आणि दवाखान्याचं बिल भागवतात. अर्ज घेणाऱ्याला हे कळत असतं, त्याला कळलंय हे अर्जदारालाही कळत असतं, आणि तरी दोघं गंभीर चेहऱ्याने गोठ्याच्या मापाबद्दल बोलत बसतात. मला कथा तिथे दिसते.

त्याहून जास्त कथा जामीनदाराच्या रकान्यात असतात. जामीनदार म्हणून सही करणं ही आपल्याकडे नुसती औपचारिकता समजतात. कायदा तसं समजत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, आणि मग ‘एकशे एकची नोटीस’ जामीनदाराच्या दारातही येते. हे ऐकून-पाहूनही माणसं सही करतात. साडूला नाही म्हणता येत नाही म्हणून, मागे त्याने आपल्यासाठी केली होती म्हणून, चहा पिऊन झाला आणि आता उठायचं कसं म्हणून. बायकोला न सांगता केलेली सही तर एका कादंबरीला पुरते. कोणाचा खरा कागद मात्र मी कधी कथेत घेतला नाही. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

३. पात्राच्या खिशात किती पैसे आहेत ते ठरल्याशिवाय लिहायला बसायचं नाही, असं तुम्ही सांगता. हा कसला हट्ट?

हट्टच आहे, आणि माझ्या लिहिण्याबद्दल खरं सांगण्यासारखं एवढंच आहे. बाकी उत्तरं यातूनच निघतात.

आपल्याकडे एक लाडकी कथा आहे. बाई सगळं सोसते, शेवटच्या पानावर बॅग भरते आणि घराबाहेर पडते. दार लागतं, कथा संपते. मला तिथून पुढे प्रश्न पडायला लागतात. संध्याकाळी सातला ती कुठली गाडी पकडणार? पर्समध्ये किती आहेत? पासबुक कोणाच्या नावावर आहे, एटीएमचा पिन कोणाला माहीत आहे? ज्या भावाकडे जाईल त्याच्या घरात खोल्या किती? हे विचारायला लागलं की बंडाचा आव गळून पडतो आणि समोर उरते ती एक बाई, जी गेले सहा महिने भाजीच्या पैशातून दहा-वीस बाजूला काढते आहे. ती मला जास्त शूर वाटते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माझ्या एका कथेतली बाई त्यामुळे माहेरच्या फाट्यावर न उतरता पुढच्या शहरापर्यंत जाऊ शकते. सवलतीचा निर्णय मुंबईत झाला आणि कथेचा शेवट बदलला.

गैरसमज नको: पैसा हा माझ्या कथांचा विषय नसतो. बऱ्याचदा आकडा छापलाही जात नाही. पण तो मला ठाऊक असला की पात्र काय करू शकत नाही ते कळतं. रात्रपाळीचा वॉचमन दुपारी झोपतो, त्यामुळे त्याच्या घरातली भांडणं दबक्या आवाजात होतात. ‘तो संतापी पण प्रेमळ होता’ या वाक्याने मला एवढंही सांगितलं नसतं.

४. मग ते कागदावर कसं उतरतं? एखादा परिच्छेद दाखवाल का?

दाखवते. पहिल्या खर्ड्यात साधारण असं येतं:

‘मुक्कामी गाडीत रामचंद्र खिन्न मनाने बसून होता. आयुष्यात आपण काय मिळवलं, हा प्रश्न त्याला छळत होता. बाहेर अंधार दाटला होता.’

वाक्यं शुद्ध आहेत, पण रामचंद्रच्या जागी तलाठी, कवी किंवा डॉक्टर बसवला तरी एक शब्द बदलावा लागत नाही. दुसरा खर्डा:

‘ड्रायव्हर टपावर झोपायला गेला. रामचंद्रने मागच्या सीटवर चिल्लर ओतली, पाचाची वेगळी, दहाची वेगळी, आणि वेबिलाशी ताळा घालून पुन्हा मोजली. चाळीस कमी. आठवडी बाजाराच्या गर्दीत दहाच्या ऐवजी पन्नासची नोट कोणाकडे गेली ते काही केल्या आठवेना. त्याने आतल्या खिशातले स्वतःचे चाळीस काढून पिशवीत टाकले. मुलीच्या सहलीचे होते. मग पिशवी उशाला घेतली.’

आता ‘खिन्न’ हा शब्द लागत नाही. हिशेब कमी भरला की कंडक्टरला तो पदरचा भरावा लागतो, हे ज्या वाचकाला माहीत नव्हतं त्यालाही न सांगता कळलं. अंधारसुद्धा लिहावा लागला नाही. छापायला देताना मी आणखी एक गोष्ट केली: सहलीचं वाक्य काढून टाकलं. चाळीस रुपयांत माणूस उभा राहिला होता. मुलगी आणली होती ती वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला. असली मुलं मराठी कथेत फार राबतात, त्यांना सुट्टी द्यावी.

५. कामाची इतकी माहिती मिळते कुठे? लोक सांगतात का?

सांगतात, फार हौसेने सांगतात. फक्त ‘मला तुमच्यावर कथा लिहायची आहे’ असं म्हणू नका. लगेच माणूस सरळ बसतो आणि भाषण देतो. ‘तुमचं आयुष्य कसं आहे’ हेही विचारू नका. कामावर गेल्या गेल्या हात आधी कशाला लागतो, काय सारखं बिघडतं, कशावरून बोलणी बसतात, नवा माणूस कुठे फसतो, असं विचारायचं. पगाराचं शेवटी, आणि तेही त्यांनी विषय काढला तर.

मला वाटायचं कंडक्टरला धास्ती अपघाताची असणार. एका निवृत्त कंडक्टरने सांगितलं, चेकिंगची. एक प्रवासी बिनतिकिटाचा सापडला तर कागद कंडक्टरवर होतो, मग तो प्रवासी झोपेचं सोंग घेऊन बसलेला का असेना. हे कळल्यावर कथेतल्या कंडक्टरची नजरच बदलली. तो माणसं बघत नाही, मुंडकी मोजतो.

ऊसतोडीच्या टोळ्यांत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या रकमेला ‘उचल’. हे शब्द कथेत आले की कंसात अर्थ देऊ नये. वाचक चार ओळींत समजून घेतो.

६. तुमच्या कथांतून संदेश काय घ्यायचा? लेखकाची समाजाशी काही बांधिलकी असते ना?

संदेश नाही. शाळेच्या पुस्तकात धडा लागला तर खाली ‘या पाठातून काय शिकायला मिळते’ छापतील, त्याला माझा इलाज नाही.

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने चालत आलेला वाद अजून मुलाखतींत विचारला जातो. मला कोणत्याच बाकावर बसता येत नाही. गोष्ट रंगली पाहिजे हे मला मान्य, पण रंगावी म्हणून माणसाला बिनधंद्याचा ठेवता येत नाही. माणसांचं दुःख दिसलं पाहिजे हेही मान्य, पण त्यासाठी त्यांच्या तोंडी माझी मतं घालवत नाहीत.

मग कशासाठी लिहायचं? संस्थेच्या दप्तरात थकबाकीचा आकडा राहतो. तो आकडा जामीनदाराने घरी कोणत्या शब्दांत सांगितला, जेवणाआधी की नंतर, तेव्हा सासू कुठे बसली होती, हे कुठल्याच दप्तरात राहत नाही. ते कुठेतरी राहावं एवढाच माझा हेतू. याला बांधिलकी म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

७. वसुली अधिकारी, मुकादम अशा माणसांना तुम्ही पाठीशी घालता, असं वाटतं. खलनायक नकोच का?

या प्रश्नात राग असतो आणि तो मी समजू शकते. ज्याच्या दारातून ट्रॅक्टर ओढून नेलाय त्याला अधिकाऱ्याची बाजू ऐकायची नसते. पण अधिकाऱ्यालाही महिन्याचं उद्दिष्ट असतं, ते नाही झालं तर बदलीची तलवार असते, आणि ट्रॅक्टर नेताना तो शेतकऱ्याच्या बायकोकडे बघायचं टाळतो. हे लिहिल्याने ट्रॅक्टर परत येत नाही. अन्याय तेवढाच राहतो. फक्त तो कसा चालतो ते दिसतं. खदाखदा हसणारा सावकार लिहिला की वाचकाला सोपं जातं, ‘आपण असे नाही’ म्हणून तो पान उलटतो.

मर्यादा आहेच. घरात बाईला मारणाऱ्या माणसाचं कर्ज, दारू, बालपण सगळं मी लिहीन, पण मारहाणीच्या प्रसंगात कथा त्याच्या डोळ्यांनी सांगणार नाही. कारणं देत बसायचं काम त्या क्षणी माझं नाही.

८. संवादांत बोली किती वापरावी? पुण्यामुंबईच्या वाचकांना अडते.

अडू द्या थोडी. मालवणी माणूस ‘खंय’च विचारणार आणि वऱ्हाडी ‘काऊन’च.

मला खटकतं ते वेगळं. कथेत गडी ‘म्या न्हाई जानार’ बोलतो ते कान लावून लिहिलेलं असतं, आणि सदाशिव पेठेतल्या मालकीणबाई मात्र व्याकरणाच्या पुस्तकासारख्या बोलतात. त्या तरी कुठे ‘नाही’ म्हणतात? ‘नै’ म्हणतात, ‘अगं ऐक्लंस का’ म्हणतात. ऐकू येतं तसं लिहायचं तर सगळ्यांचं लिहा, नाहीतर कोणाचंच नको. मी दुसरा रस्ता धरते: उच्चार फार मोडून लिहीत नाही, वाक्याची ठेवण, शिव्या, लाडाचे शब्द आणि म्हणी त्या मुलखाच्या ठेवते. निवेदनाची भाषाही पात्रापासून फार लांब जाऊ देत नाही. शेजारी ‘कोयता’ बोलणारी माणसं असताना निवेदकाने ‘अस्तित्वाची व्यामिश्रता’ काढली की मला त्याची कीव येते.

९. तुम्ही ओळखीच्या माणसांवर लिहिता का? माझ्या काकांवर लिहायचंय, पण घरचे भडकतील.

माझा उपाय सोपा आहे: धंदा बदला. नाव बदलून, टक्कल घालवून माणूस लपत नाही, सगळे ओळखतात. पण शिक्षक असलेल्या काकांना बोअरवेलची गाडी चालवायला लावा. त्यांचे तास बदलतील, मित्र बदलतील, खोटं बोलायच्या वेळा बदलतील. चार पानांत ते तुमचे काका राहत नाहीत. कथेच्या दृष्टीनेही हे बरं, कारण खऱ्या काकांबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे असं वाटत असतं आणि त्यामुळे तुम्ही शोधत काहीच नाही. कर्जदारांच्या कागदांबाबत मीही हेच केलं. शिवाय ते कागद माझे नव्हतेच.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे, आणि मयत व्यक्तीबद्दल लिहिलेलंही त्यात येऊ शकतं, जर ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता आणि हेतू कुटुंबीयांना दुखावण्याचा असेल. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापली म्हणून सुटका होत नाही.

१०. जे आयुष्य आपण जगलो नाही, दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या वर्गाचं, त्यावर लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

अधिकार कोणी काढून घेतलेला नाही. प्रश्न लायकीचा आहे आणि ती प्रत्येक पानावर दाखवावी लागते. मराठीत साठ-सत्तरच्या दशकांत दलित लेखकांनी स्वतःबद्दल स्वतः लिहायला घेतलं, तेव्हा त्याआधीच्या कनवाळू ग्रामीण कथांमधली बरीचशी माणसं पुठ्ठ्याची होती हे उघडं पडलं. हे माहीत असून आज लिहिणाऱ्याने मऊ मनाच्या भांडवलावर भागवू नये.

मला जास्त गमतीचे वाटतात ते ‘मी कथेत जात आणतच नाही’ म्हणणारे. महाराष्ट्रात आडनाव लिहिलं की जात लिहिली गेली. पात्राला नुसतं ‘सुनील’ ठेवलं तरी त्याचं काम, त्याची गल्ली, त्याच्या घरी कोण चहा पितं हे सांगावंच लागतं. कोणतं काम कोणाच्या वाट्याला आलं यात जात आहेच, त्यामुळे काम नीट लिहिणाऱ्याला ती टाळता येत नाही. ज्या कामाबद्दल प्रश्न ५ मध्ये सांगितल्यासारखं कोणाशी बसून बोलता येणार नाही, त्या माणसाच्या डोक्यात शिरून मी कथा सांगत नाही. बाहेरून, माझ्यासारख्या कोणाच्या नजरेने सांगते. त्या नजरेचा ओशाळेपणाही मग कथेत येतो.

११. जुन्या काळातली किंवा कल्पित जगातली कथा असेल तर तुमचा पैशाचा नियम लागू होतो का?

जुन्या काळात जास्तच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे १९५२ सालच्या कथेत कोणी ‘पंचवीस पैसे दे’ म्हणालं की कथा तिथेच पडली. उलट १९८० च्या कथेत ‘चार आण्याच्या गोळ्या’ अगदी बरोबर, कारण नाणी बदलल्यावरही लोक कित्येक वर्षं आण्यांतच बोलत होते. खुद्द पंचवीस पैशांचं नाणं जून २०११ पर्यंत कायद्याने चालत होतं. आज आजीने नातवाला ‘चाराणे’ म्हटलं तर नातू बघत राहील, आणि ते बघत राहणंही लिहिता येतं.

कल्पित जगात मी फिरकत नाही. पण परग्रहावरही जेवण कोण बनवतं आणि भांडी कोण घासतं, हे वाचक म्हणून मला जाणून घ्यायचं असतं.

१२. पण पैसा-काम यांचा पत्ता नसलेल्या उत्तम कथाही आहेत की!

आहेत. स्वप्नासारख्या, दंतकथेसारख्या कथांत नायक काय कमावतो हे विचारणारा माणूस अरसिक. हा नियम माझ्या कथांपुरता आहे. लहान मुलं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं यांनाही तो तसाच लावता येत नाही. तिथे मी उलटं विचारते: यांचा खर्च कोण करतं, आणि ते बोलून दाखवतं का?

१३. तुमच्या कथा अर्धवट संपतात. पुढे काय झालं ते सांगत का नाही?

मलाही नेहमी माहीत नसतं. मुख्य पात्राने जो निर्णय घ्यायचा तो घेतला, किंवा टाळला, की मी थांबते. नोटिशीचं पुढे काय होतं ते कलमात लिहिलेलं आहे.

१४. दिवाळी अंकाला कथा पाठवताना मानधन विचारावं का? आणि कथेचे हक्क कोणाकडे राहतात?

विचारावं, कथा पाठवतानाच. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून कागदवाला, छापखाना, चित्रकार यांना पैसे मिळत आले असणार. लेखकानेच लाजायचं कारण नाही. जो लेखक स्वतःचे दोनशे शब्द किती रुपयांचे हे विचारू शकत नाही, तो कथेतल्या मोलकरणीचा पगार काय लिहिणार?

हक्कांचं थोडक्यात: प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, कथा लिहिताच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी, सहीनिशी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी ऑडिओ, अनुवाद आणि वेबसिरीज हे तीन शब्द वेगळे काढून विचारा. जामीनदारांना जे सांगत आले तेच लेखकांना सांगते: वाचून सही करा.

१५. तुमच्या कथांत शिव्या आणि ‘तसले’ प्रसंग असतात. ते टाळता येणार नाहीत का?

जिथे टाळता येतात तिथे टाळलेले आहेत. राहिले ते लागतात म्हणून. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या मराठी कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला सोडलं. निकालाचा सूर असा, की कथा फार वरच्या दर्जाची नसेल, अभिरुचीही बेताची असेल, पण अश्लील नाही. सुटका झाली आणि समीक्षाही झाली. हा निकाल मला फार आवडतो.

१६. मी माझी कथा पाठवली तर वाचून अभिप्राय द्याल?

नाही. आलेल्या सगळ्या वाचायच्या तर माझं लिहिणं बंद होईल, आणि दोनच निवडून वाचणं बरोबर नाही. जोडलेल्या फाइली मी उघडत नाही. एखाद्या ठिकाणी अडला असाल तर तेवढाच प्रश्न चार ओळींत लिहा, पण पात्र काय काम करतं ते आधी सांगा. ‘सर्वसामान्य मध्यमवर्गीय’ असं लिहिलेल्या पत्रांना उत्तर मिळत नाही.